होमस्टे, व्हिला आणि पाहुण्यांनी केलेलं नुकसान : कुठलं नुकसान कोण भरून देतं?

मुक्कामपोस्ट (धागाकर्ता)

लोणावळा, अलिबाग, दापोली, गोवा या पट्ट्यात रोजच्या भाड्याने घर देणाऱ्यांच्या गटांवर दर मोसमात एकच प्रश्न फिरत असतो. "पाहुण्यांनी टीव्ही फोडला, माझा घराचा विमा आहे, क्लेम कसा करायचा?" बहुतेक वेळा तो क्लेम होत नाही. का होत नाही ते एकदा सविस्तर, एका जागी लिहिलेलं असावं म्हणून हा धागा.

"विमा आहे" एवढ्यावर भागत नाही. पाहुण्याने काच फोडली, किचनला आग लागली, पाहुणा स्वतःच जिन्यावरून घसरला किंवा जाताना साउंडबार घेऊन गेला, तर या चार प्रसंगांत पैसे एकाच ठिकाणाहून येत नाहीत. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

फोडाफोड आणि डाग यांचे पैसे डिपॉझिटमधून किंवा बुकिंग प्लॅटफॉर्मच्या संरक्षणातून निघतात. एअरबीएनबीच्या एअरकव्हरमध्ये यजमानाच्या मालमत्तेसाठी ३० लाख डॉलरपर्यंत आणि पाहुण्याच्या इजेबद्दलच्या दायित्वासाठी १० लाख डॉलरपर्यंतची मर्यादा सांगितलेली आहे. आकडा मोठा दिसतो म्हणून पुष्कळ जण दुसरा विमाच घेत नाहीत. पण मालमत्तेचं जे संरक्षण आहे ती विमा पॉलिसी नाही, ते कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेलं आश्वासन आहे. विजेचा लोळ, पूर, वादळ, नेहमीची झीज आणि रोख रक्कम त्यात बसत नाही. शिवाय ते फक्त त्या प्लॅटफॉर्मवरच्या बुकिंगला लागू होतं. शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा एजंटकडून आलेला ग्रुप त्यात येत नाही, आणि आपल्याकडे व्हिलांचे निम्मे वीकेंड असेच भरतात.

बाकीचं जाणकारांनी लिहावं.

---

दावा_तपासनीस

चांगला विषय काढलात. मी घराच्या पॉलिसीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते. आग, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं अशा गोष्टी तिच्यात येतात. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप संरक्षण मिळतं. पॉलिसी चांगली आहे, पण ती राहत्या घरासाठी आहे. वर्षाच्या करारावर भाडेकरू ठेवला तरी ते राहतं घरच असतं. दर दोन दिवसांनी नवा ग्रुप, रात्रीचा दर, बुकिंगची जाहिरात हे सगळं असलं की तो निवासाचा व्यवसाय होतो. प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) 'स्वतःच्या वापरासाठी' असं लिहिलेलं असेल आणि सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, तुमच्या घराची लिस्टिंग (बुकिंगची ऑनलाइन जाहिरात) मोबाइलवर सापडली, तर 'महत्त्वाची माहिती दडवली' या एका कारणावर आगीचा खरा क्लेमसुद्धा नाकारला जाऊ शकतो. लिस्टिंग शोधायला त्याला दोन मिनिटं पुरतात.

एजंट म्हणतो, "चालतं हो, सगळे असंच करतात." प्रीमियम घेताना चालतं. क्लेमच्या वेळी फॉर्मवर सही तुमची असते, एजंटची नाही.

पूर्णवेळ भाड्याने जाणाऱ्या बंगल्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' घ्या. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ही, ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर 'भारत लघु उद्यम सुरक्षा'. व्यवसायाच्या रकान्यात होमस्टे किंवा हॉलिडे होम असं स्पष्ट लिहून घ्या. मालक तिथेच राहतो आणि एक-दोन खोल्या देतो अशी स्थिती असेल तर कंपनीला ईमेलवर तसं कळवा आणि पॉलिसीवर तशी नोंद करून मागा. फोनवरचं "हो" कुठेच नोंदलं जात नाही.

---

रानजाई

माझा प्रश्न चोरीबद्दल. बर्गलरी (घरफोडीची) पॉलिसी आहे. पाहुण्यांनी जाताना टॉवेलपासून प्रोजेक्टरपर्यंत काही नेलं तर तिच्यातून मिळतं का?

---

दावा_तपासनीस

@रानजाई, मिळत नाही. बर्गलरीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरणं किंवा जबरदस्तीने बाहेर पडणं ही अट असते. सर्व्हेअर आला की आधी दार बघतो: कडी-कोयंडा वाकलाय का, चौकटीचं लाकूड चिरलंय का, स्क्रूची भोकं ओढली गेलीत का, ग्रिलचा वेल्ड तुटलाय का. पाहुणा तुम्ही दिलेल्या चावीने किंवा कीपॅडच्या कोडने आत आला. तो परवानगीने घरात होता, त्यामुळे त्याने नेलेली वस्तू 'घरफोडी' ठरत नाही. पॉलिसीच्या अपवादांतही घरातली माणसं, नोकर आणि कायदेशीररीत्या आवारात असलेल्या व्यक्ती लिहिलेल्या असतात, ते वाचा. केअरटेकरने केलेल्या चोरी-अफरातफरीसाठी 'फिडेलिटी गॅरंटी' हा वेगळा विमा असतो, पाहुण्यासाठी तसलं काही नाही.

पाहुण्याने नेलेल्या वस्तूसाठी डिपॉझिट, प्लॅटफॉर्म आणि पोलीस हेच मार्ग उरतात. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे, राहत्या जागेतल्या चोरीसाठी ३०५, मुद्दाम केलेल्या नुकसानीसाठी ३२४. 'वस्तू हरवल्याचा दाखला' ऑनलाइन पटकन मिळतो म्हणून तो काढू नका. त्यात तुम्हीच लिहून देता की वस्तू हरवली, चोरी झाली नाही. पुढे प्लॅटफॉर्मकडे चोरी म्हणून दाखवायला गेलात की तोच कागद तुमच्या विरोधात जातो.

---

अबोली_नागाव

प्लॅटफॉर्मकडून पैसे मिळवण्याचं काम कागदांचं आहे, भांडणाचं नाही. नीट केलं तर मिळतात. एअरबीएनबीपुरतं लिहिते.

मुदत चेक-आउटपासून १४ दिवस. पहिली मागणी पाहुण्याकडे करायची, एअरबीएनबीच्या रेझोल्यूशन सेंटरमधूनच (पैसे मागण्याची साइटवरची सोय). त्याला उत्तराला २४ तास मिळतात. त्याने नाही म्हटलं, किंवा काही बोललाच नाही, की मग कंपनीला मध्ये घ्यायचं. लोक चुकतात ते असं: पाहुणा व्हॉट्सअ‍ॅपवर "सॉरी, पाठवतो पैसे" म्हणतो, आपण वाट बघत बसतो आणि पंधरावा दिवस उजाडतो. म्हणून त्याचं कबूल करणं अ‍ॅपच्या मेसेजमध्येच येऊ द्या. फोनवर बोलणं झालं असेल तर लगेच अ‍ॅपवर लिहा, "आत्ता फोनवर आपण म्हणालात त्याप्रमाणे डायनिंगची काच आपल्याकडून फुटली, नवीन काचेचं कोटेशन पाठवते." त्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी पुरावा झाला.

फोटो दोन लागतात आणि दोन्ही तारखेसकट: या पाहुण्याच्या चेक-इनच्या आधीचा आणि चेक-आउटनंतरचा. घर सजवून फोटोग्राफरने काढलेला लिस्टिंगचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो 'आधीचा' म्हणून चालत नाही. केअरटेकरला सवय लावा की साफसफाई संपली की ठरलेल्या क्रमाने एक सलग व्हिडिओ काढायचा. मुख्य दारापासून सुरुवात, प्रत्येक खोलीत उजवीकडून डावीकडे, गादीवरची चादर उचलून, फ्रिज आणि ओव्हन उघडून, कमोडचा फ्लश चालवून, टीव्ही चालू करून. तीन बेडरूमच्या घराला पाच-सहा मिनिटं लागतात. फाइल मूळ स्वरूपात ड्राइव्हवर चढवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवली की तिच्यातली मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते.

डाग किंवा भाजल्याची खूण असेल तर दोन फोटो: एक लांबून, कुठली खोली ते कळेल असा, आणि एक जवळून, बाजूला मोजपट्टी ठेवून. क्वार्ट्झच्या ओट्यावर गरम कढई ठेवल्यावर पिवळट गोल पडतो, तो उभ्याने काढलेल्या फोटोत दिसतच नाही. तिरक्या उजेडात काढा.

रक्कम एकगठ्ठा लिहू नका. "नुकसान ४०,००० रुपये" ही मागणी अडकते. गादी, काच, जास्तीची सफाई असं वेगळं करून प्रत्येकाला मूळ बिल किंवा जीएसटी क्रमांक असलेलं दुरुस्तीचं कोटेशन जोडा. चार वर्षं जुन्या गादीला नव्या गादीची किंमत मिळत नाही, घसारा वजा होतो. तो आपणच हिशोबात धरून मागितलं तर प्रकरण लवकर सुटतं. सिगारेटचा वास काढायला, किंवा कुत्र्याच्या केसांमुळे सोफा शाम्पू करायला लागला तर तो खर्चही मागता येतो, मात्र बिल बाहेरच्या सफाईवाल्याचं हवं. आपल्याच बाईंना दिलेले रोख पैसे दाखवणं अवघड जातं.

---

मुक्कामपोस्ट

अबोलीताई, हे छापून केअरटेकरच्या खोलीत लावावं असं आहे. थेट बुकिंगच्या डिपॉझिटबद्दलही लिहाल का?

---

अबोली_नागाव

थेट बुकिंगला डिपॉझिट हाच सगळा आधार, म्हणून ते आगमनाच्या आधी, यूपीआयने किंवा बँकेतून घ्या. गेटवर ग्रुप उभा असताना मागितलं की घासाघीस सुरू होते. कार्डवर रक्कम फक्त अडवून ठेवण्याची सोय तुमच्या पेमेंट गेटवेत असेल तर ती सगळ्यात बरी.

बुकिंगच्या वेळीच एक पान पाठवायचं आणि त्यावर "मान्य" असं उत्तर घ्यायचं. त्यात माणसांची संख्या, पार्टी आणि डीजेबद्दलचा नियम, डिपॉझिट किती आणि कधी परत मिळणार, आणि नेहमी तुटणाऱ्या आठ-दहा वस्तूंचे ठरलेले दर लिहायचे. चेक-आउटला केअरटेकरने पाहुण्याबरोबर घर फिरून बघायचं. नुकसान दिसलं तर तिथेच फोटो, तिथेच रक्कम सांगायची. चार दिवसांनी "गीझर चालत नाही" म्हणून पैसे कापले की पाहुणा वाईट रिव्ह्यू लिहितो, आणि त्याची बाजू चूकही नसते.

आणि कृपा करून झिजेचे पैसे पाहुण्यांकडून कापू नका. समुद्रापासून जवळच्या घरात एसीची बाहेरची कॉइल खाऱ्या हवेने सडते, नळांना गंज येतो, दारं पावसात फुगतात. तो आपला देखभालीचा खर्च आहे.

---

उंबरठा

थोडं असहमत. वस्तूंचे ठरलेले दर लिहून दिले की काही ग्रुप "भरू ना पैसे" म्हणून बेफिकीर वागतात. दर न लिहिता "प्रत्यक्ष दुरुस्ती खर्च, बिलासह" एवढंच लिहावं. वाद झाला तर ग्राहक आयोगासमोर बिलावरची वजावट टिकते, मनाने ठरवलेला दंड टिकवणं कठीण.

---

अबोली_नागाव

@उंबरठा, मोठ्या वस्तूंसाठी पटलं. ग्लास, प्लेट, चावी, रिमोट यांना ठरलेला दर, बाकी सगळं बिलावर, असं करता येईल.

---

वायरमन_मंदार

आगीबद्दल एक मुद्दा कोणी सांगत नाही. आगीच्या पॉलिसीत ज्या विजेच्या उपकरणात शॉर्ट सर्किट झालं किंवा जे जास्त तापून जळलं त्या उपकरणाचं नुकसान वगळलेलं असतं. त्यातून आग पसरून पडदा, फर्निचर, छत जळलं तर ते मिळतं. म्हणजे पाहुण्यांनी इन्व्हर्टरच्या लाइनवर इंडक्शन लावलं आणि नुसता इन्व्हर्टर गेला तर शून्य. महागडा होम थिएटर किंवा इन्व्हर्टर-बॅटरी संच असेल तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा किंवा मशीनरी ब्रेकडाउनचा वेगळा विमा बघा. मोठ्या काचांसाठी प्लेट ग्लासचा वेगळा मिळतो.

पण विम्याआधी वायरिंग. इन्व्हर्टरच्या लाइनवर १६ अँपिअरचा सॉकेट ठेवूच नका, म्हणजे इस्त्री आणि इंडक्शन तिथे लागणारच नाही. पाहुणे आता इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन येतात आणि हॉलमधल्या एक्स्टेंशनवर रात्रभर चार्जिंगला लावतात. बाहेर शेडमध्ये वेगळ्या एमसीबीवर (जास्त भार आला की पडणारा स्विच) १६ अँपिअरचा पॉइंट द्या आणि घरात चार्जिंगला मनाई आहे असं नियमांत लिहा.

स्विमिंग पूल असेल तर पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच, आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरवर, आणि तो ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. पूल, पंप आणि बाहेरच्या सगळ्या पॉइंटना ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारं उपकरण). त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं, तारीख वहीत लिहायची. बटण दाबून ते पडत नसेल तर त्याच दिवशी बदला. २३० व्होल्टचा दिवा पाण्यात बसवून दिलेले पूल आजही आहेत आणि ते जीवघेणे आहेत. इथे पैशाचा विचारच करू नका.

---

रानजाई

पुलात काच फुटली तर काय करायचं? नियम असूनही बाटल्या नेतात.

---

वायरमन_मंदार

पंप ताबडतोब बंद. चालू राहिला तर बारीक तुकडे फिल्टरच्या वाळूत जातात आणि बॅकवॉश करून (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून) सगळे निघतील याची खात्री नसते. पाण्यात काच दिसत नाही, त्यामुळे जाळीने मोठे तुकडे काढून "झालं" असं म्हणता येत नाही. पूर्ण रिकामा करायचा, तळ झाडून ओल्या व्हॅक्यूमने ओढायचा, पायऱ्या आणि नाली हाताने तपासायची (जाड हातमोजे घालून), मगच भरायचा. ८ बाय ४ मीटर आणि सरासरी १.२ मीटर खोलीच्या पुलात साधारण ३८,००० लिटर पाणी बसतं, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर. टँकरची बिलं, केमिकलचं बिल आणि पूल बंद राहिल्याने रद्द झालेलं बुकिंग, तिन्हीचे कागद ठेवा. एअरबीएनबीच्या संरक्षणात अशा रद्द झालेल्या बुकिंगचं उत्पन्नही मागता येतं.

---

दावा_तपासनीस

विम्याची रक्कम किती घ्यायची यावर. बाजारभाव विसरा, जमिनीची किंमत त्यात येत नाही. तेच घर आज पुन्हा बांधायला काय लागेल, तो आकडा धरायचा: बांधकामाचं क्षेत्र गुणिले स्थानिक बांधकाम दर, अधिक कंपाउंड, पूल, पंपरूम, सोलर.

कमी रक्कम घेतली की काय होतं ते बघा. पुन्हा बांधायचा खर्च ६० लाख आहे आणि प्रीमियम वाचवायला विमा ३६ लाखांचा घेतला, म्हणजे ६० टक्के. किचनच्या आगीत ५ लाखांचं नुकसान झालं तर ५ लाख मिळत नाहीत, त्याचे ६० टक्के म्हणजे ३ लाख, आणि त्यातूनही एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची ठरलेली रक्कम, वजा. सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. ५४ लाखांचा विमा असता तर ही कपात झाली नसती. गृह रक्षामध्ये ही प्रमाणशीर कपात नाही, म्हणून घरगुती पॉलिसीची सवय असलेले लोक व्यवसायाच्या पॉलिसीत गाफील राहतात.

दुसरं. आग पाहुण्याच्या चुकीने लागली आणि त्याने "५०,००० घ्या आणि मिटवा" म्हटलं, तर "पूर्ण व अंतिम" असं काही लिहून देऊ नका. विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर ते पाहुण्याकडून वसूल करण्याचा हक्क तिला मिळतो. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात तर क्लेम अडचणीत येतो. पाहुण्याकडून काही घेतलंच तर "आंशिक, विमा दाव्यास बाधा न येता" असं लिहा आणि सर्व्हेअरला सांगा. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत.

सर्व्हेअर येईपर्यंत मोडतोड हलवू नका. फारच घाण असेल तर व्हिडिओ काढून, कंपनीला ईमेल करून मग हलवा. जळलेली वायर आणि स्विचबोर्ड मात्र पिशवीत जपून ठेवा.

---

उंबरठा

आता पाहुण्याच्या इजेबद्दल, कारण खरी मोठी रक्कम इथेच असते. टीव्ही गेला तर पन्नास हजार. एखादं मूल पुलात गेलं किंवा गॅलरीचा कठडा निसटला तर तो आकडा कुठल्याही डिपॉझिटच्या पलीकडचा असतो, आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. फौजदारी जबाबदारी विमा उचलत नाही.

"स्वतःच्या जबाबदारीवर वापरावे" असा फलक लावला म्हणजे सुटलो, असं मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या खटल्यात, व्हॅलेकडे (गाडी लावून देणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे) सोपवलेली गाडी चोरीला गेल्यावर, पावतीवर 'मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असूनही हॉटेलला जबाबदार धरलं. प्रकरण गाडीचं आहे, पण स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीमागे लपता येत नाही, हे त्यातून घ्यायचं.

यासाठी 'पब्लिक लायबिलिटी (नॉन-इंडस्ट्रियल)' पॉलिसी लागते. १९९१ च्या कायद्याखालची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घातक पदार्थ हाताळणाऱ्यांसाठी असते. नाव सारखं असल्याने चुकून तीच गळ्यात पडते, म्हणून बघून घ्या. पॉलिसीवर दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा, उदाहरणार्थ २५ लाख आणि ५० लाख. स्विमिंग पूल आणि जेवणातून होणारी विषबाधा यांची जोडणी वेगळी मागावी लागते. मूळ पॉलिसीत ती आपोआप येते असं धरून चालू नका.

या पॉलिसीत दावा पॉलिसीच्या काळात दाखल व्हावा लागतो आणि घटना 'रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट'नंतरची, म्हणजे पॉलिसी ज्या तारखेपासूनच्या घटना धरते तिच्यानंतरची असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला की ती तारीख पुढे सरकते आणि आधीच्या घटना उघड्या पडतात. म्हणून मोसम संपला की पॉलिसी बंद, दिवाळीला पुन्हा सुरू, असं करू नका.

---

मुक्कामपोस्ट

गॅस सिलिंडरमुळे स्फोट झाला तर गॅस कंपनीचाच विमा असतो म्हणतात, तो चालतो का?

---

उंबरठा

तेल कंपन्यांचा तसा विमा असतो. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, उपचारांना घटनेमागे ३० लाख (माणशी कमाल २ लाख) आणि ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेला घटनेमागे २ लाखांपर्यंत. पण घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरणं बेकायदा आहे. पाहुण्यांचं जेवण केअरटेकर त्यावर करत असेल तर तुमचा आगीचा क्लेमसुद्धा अडवायला कारण मिळतं. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या आणि रबरी नळीवर छापलेली मुदत दर मोसमाला बघा.

गोव्यातल्यांसाठी जाता जाता: १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करूनच घर द्या. नोंदणीच नसेल तर क्लेमच्या वेळी तोही प्रश्न उभा राहतो. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवा (पूर्वीचा 'फॉर्म सी'), मग ते घर गोव्यात असो की पुण्यात.

---

रानजाई

क्लेम नाकारला तर पुढे कुठे जायचं?

---

दावा_तपासनीस

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख. घरगुती पॉलिसीबरोबर एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींच्या तक्रारीही तिथे चालतात. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाची मुदत आहे. भागीदारी किंवा कंपनीच्या नावावर मोठा व्हिला असेल तर ग्राहक आयोग बघावा लागेल.

तक्रारीत रागाची तीन पानं लिहू नका. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं जे कलम दिलंय ते जसंच्या तसं उतरवा, आणि त्याखाली ते तुम्हाला का लागू होत नाही ते कागदाच्या क्रमांकासह लिहा. नकाराच्या पत्रात कलमच दिलेलं नसेल तर पहिलं पत्र तेवढ्यासाठीच पाठवा: "कृपया कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते लेखी कळवावे."